रापा नुई : मोआईंच्या बेटावर जायचं तर

पृथ्वीच्या गोलावर जैसलमेरला सुई टोचा आणि मध्यातून आरपार काढा. ती दुसऱ्या बाजूला जिथं बाहेर येईल, तिथून रापा नुई अगदी हाकेच्या अंतरावर आहे. भारतातून याहून लांब जाताच येत नाही. चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरवर आणि सर्वांत जवळची वस्ती पिटकेर्न बेटावर, तीही सुमारे २,००० किलोमीटर दूर. मधे नुसता प्रशांत महासागर. अशा ठिकाणी जेमतेम १६४ चौरस किलोमीटरच्या जमिनीवर माणसांनी हजाराच्या आसपास दगडी पुतळे घडवले. तेच मोआई.

बेटाला आपण ईस्टर आयलंड म्हणतो, कारण डच दर्यावर्दी याकोब रोखेफेन ५ एप्रिल १७२२ रोजी इथं पोचला आणि तो ईस्टरचा रविवार होता. चिलीत याला ‘इस्ला दे पास्कुआ’ म्हणतात. तिथली माणसं स्वतःच्या बेटाला रापा नुई म्हणतात आणि पाहुण्यांनीही तसंच म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटतं. मी पुढे हेच नाव वापरणार आहे.

इतक्या लांब जाऊन बरेच प्रवासी दोन दिवसांत सगळे थांबे उरकतात आणि शेवटी त्यांना सगळे पुतळे सारखेच वाटतात. माझा आग्रह असा, की मोआई ज्या क्रमानं घडला त्याच क्रमानं पाहा : आधी ज्या डोंगरात तो जन्मला तो डोंगर, मग ज्या वाटेनं तो निघाला ती वाट, मग ज्या चौथऱ्यावर तो उभा राहिला तो चौथरा. या क्रमानं गेलात तर प्रत्येक पुतळ्याचा चेहरा वेगळा दिसू लागतो. हा लेख त्या क्रमाभोवतीच रचला आहे. त्याआधी कागदपत्रांचं बघू, कारण यात एक चूक झाली तर विमानातच चढू देत नाहीत.

कधी आणि किती दिवस

बेटावर किमान चार रात्री ठेवा, पाच मिळाल्या तर उत्तम. चिलीची राजधानी सान्तियागोहून जाणारं विमान रद्द झालं किंवा उशिरा निघालं तर दुसरा पर्याय नसतो, म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी सान्तियागोत एक मोकळी रात्र हवीच.

बेट दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. जानेवारी ते मार्च उन्हाळा, जुलै-ऑगस्टमध्ये गार वारा आणि अंगात स्वेटर. पाऊस बाराही महिने सरीवर सरी असा येतो, एप्रिल-मे जरा जास्त ओले. मला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयीचे : गर्दी बेताची, ऊन सोसवणारं, आणि टोंगारिकीला, म्हणजे जिथं १५ मोआई ओळीनं उभे आहेत तिथं, सूर्य त्यांच्या मागून उगवतो. तो साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतच तसा उगवतो. हिवाळ्यात तो डावीकडे सरकतो आणि जे छायाचित्र डोक्यात धरून आपण जातो ते मिळत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तापाती हा बेटाचा मोठा उत्सव असतो. घराणी दोन गटांत विभागून गाणी, नाच, होड्या, कोरीव काम अशा स्पर्धा करतात. त्यातला हाका पेई हा प्रकार बघताना अंगावर काटा येतो : केळीचे दोन खुंट एकत्र बांधून त्यावर उताणं झोपायचं आणि माउंगा पुई टेकडीच्या उतारावरून थेट खाली. हे बघायचं असेल तर खोली सहा-आठ महिने आधी ठरवा.

व्हिसा आणि वाट

रापा नुई चिलीचा भाग आहे, म्हणून चिलीचा व्हिसा लागतो. अर्ज चिलीच्या परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन कॉन्सुलर यंत्रणेतून भरायचा. बँकेचं स्टेटमेंट, राहण्याची आणि परतीच्या तिकिटाची बुकिंग, नोकरीचं पत्र ही नेहमीची कागदं तयार ठेवा. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना चिलीनं अटींसह व्हिसामाफी दिलेली आहे. तुमच्याकडे तो असेल तर तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या दूतावासाकडून आजची अट लेखी विचारून घ्या, आणि उत्तराचा ईमेल छापून सोबत ठेवा. विमानतळावरच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला हा नियम ठाऊक असेलच असं नाही.

मुंबईहून सान्तियागोला थेट विमान नाही. युरोपमार्गे, आखातातून साओ पाउलोमार्गे, किंवा सिडनीमार्गे जाता येतं. अमेरिकेतून जायचं असेल तर नुसतं विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ब्राझीलमध्ये विमानतळाबाहेर पडणार असाल तर पिवळ्या तापाची लस विसरू नका. भारतात परतताना तिचा दाखला मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

सान्तियागोहून पुढे बेटावर लाताम या एकाच कंपनीची विमानं जातात. जाताना साधारण साडेपाच तास, येताना वारा पाठीशी असल्यानं कमी. मातावेरी विमानतळाची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. एवढ्याशा बेटाला एवढी धावपट्टी कशी, याचं उत्तर असं, की नासाच्या अवकाशयानाला आणीबाणीत उतरता यावं म्हणून १९८० च्या दशकात ती वाढवली. यान कधी उतरलं नाही, पण त्या धावपट्टीमुळे मोठी विमानं येऊ लागली आणि बेट बदललं.

बेटावर शिरण्याचा अर्ज

इथं नीट लक्ष द्या. १ ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार बाहेरच्या माणसाला बेटावर जास्तीत जास्त ३० दिवस राहता येतं, आणि विमानात बसण्याआधी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : परतीचं तिकीट, ऑनलाइन भरलेला प्रवेश अर्ज, आणि राहण्याच्या जागेचा पुरावा. जागा चिलीच्या पर्यटन खात्याकडे म्हणजे ‘सेर्नातुर’कडे नोंदलेली हवी, नाहीतर बेटावरच्या रहिवाशाचं रीतसर निमंत्रणपत्र हवं.

मी इथंच चुकले. एका बुकिंग साइटवर स्वस्तात मिळालेलं छान घर आम्ही चार महिने आधी ठरवून टाकलं होतं. निघायला आठवडा उरला असताना अर्ज भरायला बसले तर त्यात जागेची नोंदणी विचारलेली, आणि घरमालक काही केल्या उत्तर देईना. त्या घराची नोंदणीच नव्हती. पैसे गेले, आणि ऐन वेळी दुप्पट भाड्यानं दुसरी जागा घ्यावी लागली. तेव्हा आधी मालकाला नोंदणी क्रमांक विचारा, तो सेर्नातुरच्या यादीत स्वतः शोधा, आणि मगच पैसे भरा.

अर्जाची प्रत आणि जागेची पावती छापून घ्या. सान्तियागो विमानतळावर बेटाच्या प्रवाशांची वेगळी तपासणी होते, म्हणून देशांतर्गत विमान असलं तरी तीन तास आधी पोचा.

राहायचं ते हांगा रोआलाच. बेटावर गाव म्हणावं असं हे एकच. मोठ्या हॉटेलपेक्षा रापानुई म्हणजे बेटाच्या मूळ रहिवासी कुटुंबानं चालवलेली ‘कबान्या’ घ्या, म्हणजे स्वयंपाकघर असलेलं छोटं घर. बेटावरची जमीन कायद्यानं रापानुई लोकांकडेच राहते, बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. त्यामुळे घरची मालकीण बहुधा इथलीच असते, आणि अंगणातल्या गप्पांत जे कळतं ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं.

पार्कचं तिकीट आणि वाटाड्या

बेटाचा सुमारे ४० टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान १९३५ मध्ये झालं, १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, आणि २०१७ पासून त्याचा कारभार ‘माऊ हेनुआ’ या रापानुई लोकांच्या स्वतःच्या संस्थेकडे आहे. तिकिटाचे पैसे तिच्याकडे जातात, हे मला महत्त्वाचं वाटतं. परदेशी प्रौढाला तिकीट कित्येक वर्षं ८० डॉलर होतं. निघण्याआधी माऊ हेनुआच्या संकेतस्थळावर चालू दर बघून तिथूनच काढा. तिकीट दहा दिवस चालतं. मात्र रानो राराकू (मोआईंची खाण) आणि ओरोंगो (विवराच्या कड्यावरची जुनी दगडी घरं) या दोन जागांवर एकदाच प्रवेश मिळतो. त्या दोन्ही भरदुपारी किंवा पावसात वाया घालवू नका.

कोविडच्या साथीनंतर ऑगस्ट २०२२ मध्ये बेट पर्यटकांना पुन्हा उघडलं, तेव्हापासून बहुतेक स्थळांवर मान्यताप्राप्त स्थानिक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. काही प्रवासी यावर नाराज असतात. मी नाही. खासगी वाटाड्या महाग पडतो, पण दोन-तीन जोडप्यांनी मिळून घेतला तर गटाच्या सहलीइतकाच खर्च येतो आणि थांबायचं किती ते आपल्या हातात राहतं. ठरवताना तीन प्रश्न विचारा : इंग्रजी बोलणारा आहे का, टोंगारिकीच्या सूर्योदयाला नेणार का, आणि रानो राराकूला किमान दोन तास देणार का. तिसऱ्याला आढेवेढे घेतले तर दुसरा बघा.

गाडी भाड्यानं घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना न्या. इथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, भाड्याच्या गाडीला विमा मिळत नाही, आणि वळणावर अचानक मोकळे घोडे उभे असतात. रात्री गावाबाहेर गाडी काढूच नका. सार्वजनिक बस नाही.

पिशवीत काय, ताटात काय

आपला मराठी माणूस लांब निघाला की पिशवीत चिवडा, लाडू, लोणचं, मेतकूट येतंच. चिलीची कृषी तपासणी फार कडक आहे. फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांवर बंदी किंवा निर्बंध आहेत. विमानतळावरच्या जाहीरनाम्यात ‘खाद्यपदार्थ आहेत’ या रकान्यात होय लिहा आणि डबा उघडून दाखवा. दाखवलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्याला मोठा दंड होतो. अख्खी मोहरी, जिरं, मेथ्या घरीच ठेवा, पुडीतला दळलेला गोडा मसाला पुरे. बेटावर जातानाही ताजी फळं-भाज्या नेण्यावर निर्बंध आहेत.

सगळा माल जहाजानं किंवा विमानानं येतो, म्हणून सगळंच महाग. हांगा रोआच्या दुकानांत तांदूळ, मसूर, कांदे-बटाटे मिळतात. खिचडी-भात सहज होतो, आणि म्हणूनच मी स्वयंपाकघराचा आग्रह धरते. मासे खाणाऱ्यांची चैन आहे : ताज्या टुनाचं सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, आणि टुना भरलेली, करंजीसारखी एम्पानादा. शाकाहारी माणसानं नुसतं ‘वेखेतारियानो’ म्हणून थांबू नये, कारण मासा हा मांसात मोजायची सवय तिथं नाही. सरळ म्हणा : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्को’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासा नको, कोलंबी-शिंपले नको. आणि ‘कुमारा’ जरूर मागा. ते आपलं रताळं. मोआई घडवणाऱ्यांचं पोट याच रताळ्यानं भरलं. ‘पोए’ हा केळ्याचा किंवा भोपळ्याचा भाजलेला गोड प्रकार आपल्या जिभेला लगेच रुचतो.

रोख चिली पेसो सान्तियागोतूनच न्या, बेटावर एटीएम मोजकीच आणि कधीकधी रिकामी. डॉलर बऱ्याच ठिकाणी घेतात. आपली दोन पिनांची प्लग चालते. मळलेल्या वाटांना चालतील असे बूट, वाऱ्यात न उडणारी टोपी, सनस्क्रीन, पातळ रेनकोट आणि डासांचं मलम हवं. बेटावर डेंगी होऊन गेलेला आहे. गावात रुग्णालय आहे, पण गंभीर आजाऱ्याला विमानानं चिलीला न्यावं लागतं, म्हणून प्रवास विमा घेताना त्यात असं हलवणं धरलेलं आहे ना, ते वाचून घ्या. घरी फोन करण्यासाठी लक्षात ठेवा : बेटाचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा.

पहिली संध्याकाळ : ताहाई

विमान बहुधा दुपारी उतरतं. सामान टाका आणि किनाऱ्यानं चालत उत्तरेला ताहाईला जा, गावापासून वीस-पंचवीस मिनिटं. वाटेत सेबास्तियान एंगलेर्ट वस्तुसंग्रहालय लागतं. उघडं असेल तर आधी तिथं शिरा. आत प्रवाळाचा पांढरा डोळा आहे, लाल दगडाच्या बुबुळाचा. तो १९७८ मध्ये आनाकेनाच्या किनाऱ्यावर सापडला आणि मोआईंना डोळे होते, हे तेव्हा सिद्ध झालं.

हा डोळा पाहिल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. आपल्याकडे मूर्ती घडली तरी नेत्रोन्मीलन होईपर्यंत ती देव नसते. मोआईचंही असंच होतं. खाणीत त्याच्या डोळ्यांच्या खोबणी कोरत नसत. तो चौथऱ्यावर म्हणजे ‘आहू’वर उभा राहिला की मगच खोबणी कोरून डोळे बसवत, आणि मग त्यात त्या पूर्वजाची शक्ती, ‘माना’, जागी होई. पुतळ्याचं पूर्ण नाव ‘मोआई आरिंगा ओरा’ असं सांगतात, पूर्वजाचा जिवंत चेहरा. म्हणूनच किनाऱ्यावरच्या जवळजवळ सगळ्या मोआईंची पाठ समुद्राकडे आणि तोंड वस्तीकडे आहे. आजा-पणजा लेकरांवर नजर ठेवून उभा आहे.

ताहाईला को ते रिकू हा डोळे आणि डोक्यावर लाल पुकाओ म्हणजे टोपीसारखा दगड बसवलेला मोआई आहे. डोळे नव्यानं केलेले आहेत. सूर्य त्याच्यामागे समुद्रात बुडतो तेव्हा तिथंच थांबा. रात्र झाल्यावर मान वर करा, दक्षिणेचं त्रिशंकू आणि मॅगेलनचे दोन्ही मेघ (ढगासारख्या दिसणाऱ्या दोन दीर्घिका) भारतातून असे कधी दिसत नाहीत.

दुसरा दिवस : जन्मस्थान

सकाळी लवकर रानो राराकूला. बेटावरचे बहुतेक मोआई या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्यातून आले, आणि सुमारे ४०० अजून तिथंच आहेत. ‘रानो’ म्हणजे ज्याच्या विवरात पाणी साठलं आहे तो डोंगर. खडक ज्वालामुखीच्या राखेचा, दाबून घट्ट झालेला, आणि कोरायला त्यामानानं मऊ. त्यावर चालवायचं हत्यार ‘तोकी’ म्हणजे कठीण बेसॉल्टची मुठीत मावेल अशी छिन्नी. लोखंड बेटावर नव्हतंच.

पायवाट चढताना उतारावर गळ्यापर्यंत पुरलेले पुतळे लागतात. जगभर गाजलेली ‘ईस्टर आयलंडची डोकी’ ती हीच. पण ती नुसती डोकी नाहीत. शतकानुशतकं वरून माती वाहून आली आणि धड खाली गाडलं गेलं. खणून पाहिल्यावर पोट, हात, लांब बोटं, सगळं शाबूत निघालं. एकाच्या छातीवर तीन डोलकाठ्यांचं गलबत कोरलेलं आहे, वाटाड्याला ते दाखवायला सांगा.

मग वर कड्यापाशी जा आणि घाई करू नका. मी एका अर्धवट मोआईसमोर बराच वेळ उभी होते. तो आकाशाकडे तोंड करून निजलेला. नाक, ओठ, हनुवटी पूर्ण, कान अर्धे, आणि पाठ अजून डोंगराला चिकटलेली, होडीच्या कण्यासारख्या एका पट्टीनं. त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस आडवा होऊन मावेल एवढी चर खोदलेली. चरीच्या भिंतीवर तोकीच्या घावांचे उथळ खळगे ओळीनं दिसतात, कुणीतरी अंगठ्यानं ओली माती दाबत जावी तसे. ती पट्टी तोडली की पुतळा उतारावरून खाली सोडायचा, खड्ड्यात उभा करायचा आणि पाठ कोरून पूर्ण करायची. इथंच सुमारे २१ मीटर लांबीचा, बेटावरचा सर्वांत मोठा मोआई निजलेला आहे. तो कधी उठलाच नाही. जरा बाजूला तुकुतुरी आहे, गुडघे टेकून बसलेला, दाढीवाला, बाकी कुणासारखाही नसलेला.

ऑक्टोबर २०२२ च्या वणव्यात इथले काही मोआई होरपळले. आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका.

तिथून खाली दिसतं ते टोंगारिकी : एका आहूवर १५ मोआई. १९६० मध्ये चिलीच्या महाभूकंपानं उठलेली लाट इथं येऊन धडकली आणि आधीच पडलेले हे पुतळे तिनं आत जमिनीवर दूर फेकले. १९९० च्या दशकात चिलीचे पुरातत्त्वज्ञ क्लाउदियो क्रिस्तिनो यांच्या देखरेखीखाली, जपानच्या तादानो कंपनीच्या क्रेननं, ते पुन्हा उभे राहिले. एक गोष्ट मनात पक्की करा : आज बेटावर आहूंवर जे मोआई उभे दिसतात ते सगळे विसाव्या शतकात परत उभे केलेले आहेत. १७२२ नंतर शे-दीडशे वर्षांत, बेटावरच्या तंट्यांच्या काळात, ते एकेक करून पाडले गेले. म्हणून दक्षिण किनाऱ्यानं परतताना आकाहांगाला नक्की थांबा. तिथले मोआई पालथे, तोंड मातीत. उभे आणि पडलेले एकाच दिवशी पाहिले की काय घडलं ते कळतं.

वाटेत रस्त्याकडेला एकटेच पडलेले मोआईही दिसतील. नेता नेता राहून गेलेले. पुतळे ‘चालत गेले’ असं रापानुई म्हातारे सांगत आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ माणसांनी तीन दोरांनी पाच टनांच्या आसपासची प्रतिकृती उभ्यानंच डोलवत पुढे नेली. आपण जड कपाट एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर झुलवत सरकवतो, तसंच. मला म्हाताऱ्यांचं म्हणणं पटतं.

तिसरा दिवस : टोपी, सात जण आणि वाळू

पुना पाऊ ही लाल दगडाची छोटी खाण, पुकाओ इथले. अर्धा तास पुरे. मग आहू आकिवी. इथले सात मोआई समुद्राकडे बघतात असं सर्वत्र लिहिलेलं असतं, पण हा आहू किनाऱ्यापासून आत आहे आणि जुनी वस्ती त्यांच्या समोरच होती. विल्यम मलॉय आणि गोन्सालो फिगेरोआ या पुरातत्त्वज्ञांनी १९६० मध्ये ते उभे केले.

दुपार आनाकेनाला. पांढरी वाळू, पोहता येणारा समुद्र, माडांची सावली. पहिला राजा होतू मातुआ इथंच उतरला अशी कथा आहे. आहू नाऊ नाऊचे मोआई वाळूत गाडले गेल्यामुळे फार सुरेख टिकले, पाठीवरचं बारीक कोरीव काम मागून जाऊन बघा. जाता-येता ‘ते पितो कुरा’ या जागी ‘पारो’ नावाचा मोआई पाहा : सुमारे दहा मीटरचा, आहूवर उभा केलेल्यांत सर्वांत उंच, आता पालथा.

चौथा दिवस : ओरोंगो

सकाळची स्वच्छ वेळ ओरोंगोसाठी ठेवा. दीड किलोमीटर रुंदीचं रानो काऊचं विवर, आत पाणी आणि तोतोरा गवताचे तरंगते पुंजके. कड्यावर बसक्या दगडी घरांची ओळ, आत रांगतच शिरता येईल एवढी दारं. मोआईंचा काळ सरल्यावर इथं पक्षी-माणसाचा पंथ आला. दर वसंतात घराण्यांचे तरुण हा तीनशे मीटरचा कडा उतरून, पोहत समोरच्या मोटू नुई खडकावर जात, मानुतारा पक्ष्याच्या पहिल्या अंड्याची वाट बघत, आणि ते न फोडता परत आणत. ज्याच्या माणसानं आधी आणलं तो वर्षभर तांगाता मानू, म्हणजे पक्षी-माणूस. १८६० च्या दशकापर्यंत हे चाललं.

त्याच दशकात, १८६२-६३ मध्ये, पेरूच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे १,५०० माणसं पळवून नेली. जे थोडे परतले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर फक्त १११ माणसं उरली होती. १८८८ मध्ये बेट चिलीकडे गेलं, मग ते मेंढ्यांचं कुरण म्हणून कंपनीला भाड्यानं दिलं आणि लोकांना हांगा रोआत कोंडून ठेवलं. नागरिकत्वाचे हक्क मिळायला १९६६ उजाडावं लागलं. तुमच्या वाटाड्याचे आजी-आजोबा त्या कुंपणात जगलेले असतील, हे ध्यानात ठेवून प्रश्न विचारा. रोंगोरोंगो ही त्यांची लिपी वाचू शकणारेही त्या पळवापळवीत गेले. ती आजवर कुणाला लागलेली नाही. सिंधू लिपीशी तिचं नातं असल्याचा दावा १९३० च्या दशकात झाला होता, अभ्यासकांनी तो फेटाळला आहे. वाटाड्यापुढे तो नका काढू.

उतरताना विनापूचा आहू पाहा. तिथली दगडांची सांधेजोड इतकी घट्ट आहे की पातं शिरत नाही.

वागायचं कसं

आहू हा पूर्वजांचा ओटा आहे, कित्येकांखाली अस्थी आहेत. त्यावर चढणं, बसणं, टेकणं ‘तापू’, म्हणजे निषिद्ध. मोआईला हात लावू नये. २००८ मध्ये एका परदेशी पर्यटकानं आनाकेनाच्या मोआईच्या कानाचा तुकडा तोडला, त्याला १७,००० डॉलर दंड आणि तीन वर्षं बेटबंदी झाली. दगड, वाळू, काही उचलायचं नाही. नाकात बोट घातल्यासारखे फोटो लोक काढतात. आपल्या आजोबांच्या तसबिरीपुढे आपण तसं करू का? भेटल्यावर आणि निरोप घेताना ‘इओराना’ म्हणा, आभाराला ‘माउरुरू’.

हांगा रोआच्या टपाल कार्यालयात मोआईचा शिक्का मारून देतात. तो पासपोर्टवर घेऊ नका, पुढच्या व्हिसाला अडचण होऊ शकते. पोस्टकार्डावर घ्या आणि तेच घरी टाका.

परतीची वाट लंडनवरून असेल आणि ब्रिटनचा व्हिसा हाताशी असेल, तर ब्रिटिश म्युझियमच्या २४ क्रमांकाच्या दालनात जा, तिकीट लागत नाही. तिथं होआ हाकानानाइआ उभा आहे, बेसॉल्टचा, अडीच मीटरच्या आसपास. १८६८ मध्ये एका ब्रिटिश युद्धनौकेच्या लोकांनी ओरोंगोच्या एका घरातून त्याला काढून नेलं. त्याला मागून बघा. पाठीवर पक्षी-माणसं कोरलेली आहेत. २०१८ मध्ये रापानुईंचं शिष्टमंडळ त्याला परत मागायला तिथं आलं होतं. तो अजून त्याच दालनात आहे.